दरीत कोणी दोषी नसतो

कोर्टाच्या इमारतीत तिला सगळे दरीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'दरीबाई'. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. नवीन जोडपं आलं की खालचा शिपाई जिन्याकडे हात करायचा. "वरती, डाव्या हाताला, दरीबाई. आणि खुर्च्या खोलीबाहेर न्यायच्या नाहीत, आधीच सांगून ठेवतो." हे शेवटचं तो का बजावतोय ते जोडप्याच्या डोक्यात शिरायचं नाही. थोड्या वेळाने शिरायचं.

तिचं काम समेटाचं. वेगळं व्हायचा अर्ज घेऊन आलेल्या नवराबायकोला न्यायाधीश आधी तिच्याकडे धाडत. जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर खाली वकील बसलेलेच होते. खोली म्हणजे एक टेबल, पाण्याचा जग, डोळे पुसायच्या कागदी रुमालांचं खोकं आणि एक कपाट, ज्याचं दार फटीत पुठ्ठा कोंबल्याशिवाय बंद राहत नसे. बाकी सगळी मोकळी फरशी. तिथे पूर्वी जुन्या फायलींचे गठ्ठे होते. ते हलवा म्हणून तिने साहेबांचं इतकं डोकं खाल्लं की शेवटी त्यांनी हात टेकले आणि गठ्ठे स्वतःच्याच खोलीत रचून घेतले.

जोडपं आत यायचं तेच तोंडाचा पट्टा चालू ठेवून. हा म्हणायचा हिने असं केलं, ती म्हणायची ह्याने तसं केलं. बाई दोघांचं थोडं ऐकून घ्यायची आणि मग हात वर करायची.

"थांबा. इथे कोणी काही केलेलं नाही. तुमच्यात दरी पडलीय."

आणि नवल म्हणजे, दोघंही गप्प व्हायची. घरून पुरावे गोळा करून आलेली, रस्ताभर मनात वाक्यं घोळवत आलेली माणसं एकदम निःशस्त्र झाल्यासारखी एकमेकांकडे बघायची.

"भांडणात कोणीतरी चुकलेलं असतं," बाई सांगायची. "दरीत कोणी दोषी नसतो. ती आपली पडते. आता ती किती रुंद आहे तेवढं बघू. बोलू नका. आपापली खुर्ची उचला आणि तुम्हाला जितकं लांब वाटतं तितकी लांब नेऊन ठेवा."

मग जी काय करमणूक चालायची! एकाने खुर्ची कपाटात घालायचा प्रयत्न केला होता. एका बाईने ती नवऱ्याला अगदी खेटून ठेवली, पण पाठ करून. एक जण सरळ खुर्ची घेऊन जिना उतरला आणि रस्त्यापलीकडच्या पानगळ झालेल्या झाडाखाली जाऊन बसला, तेव्हापासून शिपायाने तो नियम काढला होता. खुर्च्या मांडून झाल्या की दुसरा खेळ. एकाने दुसऱ्याला माहीत नसलेलं काहीतरी सांगायचं. दुसऱ्याने प्रामाणिकपणे "हे मला ठाऊक नव्हतं" म्हटलं, की दोघांनी खुर्ची एक फरशी पुढे सरकवायची. कितीतरी खुर्च्या अशा सरकत सरकत गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत आल्या होत्या. बाईचा त्यात हातखंडाच होता.

दरी हा शब्द तसा उष्टावलेला. रोज कोणी ना कोणी भाषणात दोन पिढ्यांमधली दरी आणतो, वर्तमानपत्र रोज कुणाकुणातली दरी रुंदावतं. हिने मात्र त्या एका शब्दावर अख्खा संसार मांडला होता. तिच्या दरीला दोन काठ होते, काठावर उभं राहून ओरडणारी माणसं होती, आणि ओरडणाऱ्याला ऐकू येणारा आवाज फिरून त्याचाच आलेला असायचा. दरीत डोकवायचं नसतं, समोरच्याकडे बघायचं असतं, असं ती सांगायची. बोलता बोलता दोन्ही तळहात समोरासमोर धरायची आणि हळूहळू जवळ आणायची. खरीखुरी दरी तिने आयुष्यात एकदाच पाहिली होती, लग्नानंतरच्या सहलीत, आणि तीही डोळे गच्च मिटून, नवऱ्याचा दंड पकडून. चक्कर येते म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली. पण हे काही ती जोडप्यांना सांगत नसे.

ज्यांच्या खुर्च्या जागच्या हलतच नसत, त्यांच्यासाठी तिने एक गोष्ट राखून ठेवली होती.

"माझ्या माहितीतलं एक जोडपं होतं," ती सुरू करायची, आवाज खाली आणून. "पहिलं बाळ. मुलगा. जन्मला आणि काही तासांत गेला. ती बाई तापात, शुद्धीवर नाही. तिला बाळाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. आणि नवरा? त्याने त्या लेकराकडे वळूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर गेला. ती घरी परत येईपर्यंत ह्याने पाळणासुद्धा कुणाला तरी देऊन टाकला होता, आणि तिने विणलेली पिवळी शाल त्याच्याबरोबर. ना एक अश्रू, ना एक शब्द. केवढी दरी पडली असेल, विचार करा." इथे ती थांबायची. समोरची बायको बहुतेक वेळा रुमालाच्या खोक्याकडे हात न्यायची. "पण एका संध्याकाळी त्या बाईने काय केलं, तर नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. काही बोलली नाही. आणि तो दगडासारखा माणूस फुटून रडला. त्या दिवशी पूल झाला. आज त्यांचा सुखाचा संसार आहे."

गोष्ट कधी वाया जायची नाही. समेटाच्या कामाला नव्याने लागलेल्यांना शिकवायला तिला बोलवत, तिथेही ती सांगायची. दगडासारख्या माणसाच्या नावाने हळहळून लोक बाहेर पडायचे. नाव ती अर्थातच कधी घेत नसे. नाव घ्यायचं नाही हे तिच्या कामाचं पहिलं व्रत होतं, आणि ते पाळलं की आपण सगळं पाळलं असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

तो माणूस म्हणजे तिचा नवरा.

नवरा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता. फिरत्या चाकावर पाण्याची धार, त्यावर काच धरायची, बोटांनी जोखायची, पुन्हा धरायची. दिवसभर त्या घरघरीत राहून माणूस कमी बोलायला लागतो म्हणतात. हा मुळातच कमी बोलणारा होता. 'हो', 'नाही', 'बघू', 'ठेव तिथे' एवढ्यात त्याचा दिवस निघायचा. बाई दिवसभर लोकांना बोलतं करून घरी यायची आणि घरात शांतता आहे म्हणून खूश असायची. त्यांना नंतर एक लेक झाली, ती वाढली, शिकली, लग्न करून जवळच राहायला गेली. सुखाचा संसार म्हणतात तो हाच, असं बाईचं मत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर तिने छातीठोकपणे हेच सांगितलं असतं.

त्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले होते. जावई म्हणजे बोलघेवडा, गमत्या, सासूचा लाडका. जेवणं झाली, टेबलावरची ताटं अजून उचलायची होती, तेवढ्यात तो म्हणाला, "आई, तुमचा तो खुर्च्यांचा खेळ एकदा आमच्यावर करा की. तुमची लेक माझ्यापासून किती लांब गेलीय ते मला कळू दे."

"गप रे," लेक म्हणाली, पण उठली. तिने खुर्ची नवऱ्याच्या अगदी शेजारी ठेवली. जावयाने आपली उचलली आणि फ्रिजला टेकवून ठेवली. "माझी दरी इथपर्यंतच," तो म्हणाला. बाई हसून हसून बेजार झाली. तिला आपल्या कामाची घरात अशी गंमत व्हावी याचं कौतुक वाटलं, आणि नवऱ्याकडे तिने बघितलं तेही त्याच कौतुकाने.

"आता आई-बाबा," जावई म्हणाला.

"आमचं काय बघायचंय," असं म्हणत बाईने खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. "आमच्या दरीत सुई मावायची नाही."

नवरा उठला. त्याने आपली खुर्ची पाठीकडून धरून उचलली. तो स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडला तेव्हा खुर्चीचा पाय चौकटीला लागला. "बाबा, बाद," जावई ओरडला, "खोलीबाहेर न्यायची नाही, शिपायाचा नियम आहे." तिघंही हसत होती. बैठकीच्या खोलीतून तो पुढे गेला. बाहेरच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं, सावकाश, हातात सामान घेऊन उतरणाऱ्या माणसाची. जिना वळतो तिथे खुर्ची टेकवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

हसणं थोडा वेळ चाललं, मग उगाच चाललं, मग थांबलं.

"बाबांनी भारी केली," जावई म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. लेक आईकडे बघत होती. बाईने लोकांच्या खुर्च्या आयुष्यभर वाचल्या होत्या. कोण रागाने लांब नेतो, कोण दाखवायला, कोण समोरच्याने "अरे, एवढं लांब?" म्हणावं म्हणून, हे तिला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळायचं. आणि फार थोडी माणसं अशी असत की जी जागा शोधत नाहीत, आधीपासून ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. अशा जोडप्यांची फाईल ती लवकरच खाली पाठवून द्यायची. नवरा दारातून गेला तेव्हा एकदाही थबकला नव्हता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"तुम्ही ताटं उचला," ती लेकीला म्हणाली आणि बाहेर गेली.

जिना वळतो तिथे तो भिंतीला पाठ लावून बसला होता, हात मांडीवर. बाई दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"अहो, हे काय? पोरं घाबरली ना."

"तूच म्हणतेस ना, जितकं लांब वाटतं तितकं."

"मग एवढं लांब वाटतं?"

"याहून लांब वाटतं. खाली गेट बंद होतं."

तो विनोद नव्हता. बाई पायरीवर बसली. खालून शेजारीण भाजीची पिशवी घेऊन चढत आली. "काय हो, इथे बसलात?" तिने विचारलं. "वारा येतो इथे," तो म्हणाला. "हो ना, आज फारच उकडतंय," म्हणून तिने खुर्चीला वळसा घातला, बाईच्या बाजूने अंग चोरून वर गेली आणि दार लावून घेतलं. तेवढा वेळ दोघंही तोंडावर हसू धरून बसली होती.

"आमच्याकडे फ्रेम जोडायला एक जण आहे," तो म्हणाला. "त्याचं बायकोशी बिनसलंय. तुझ्या खोलीत येऊन गेला. तू माझी बायको हे त्याला माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत होतं?"

"चहाच्या वेळेला त्याने तुझी गोष्ट सांगितली. सगळे होतो. मुलगा मेला तरी डबा घेऊन कामावर जाणारा माणूस. सगळ्यांनी च्च च्च केलं." त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "मीही केलं."

बाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मी म्हटलंसुद्धा, कसली माणसं असतात एकेक. मग तो पिवळ्या शालीचं बोलला. माझ्या हातात कप होता."

तिने डोळ्यांसमोर ते टेबल आणलं, ते कप, मान हलवणारी माणसं आणि त्यांच्यात मान हलवणारा हा. मग तिला आपली खोली आठवली, रुमालाचं खोकं आठवलं, शिकायला आलेल्या पोरापोरींनी भरलेलं ते सभागृह आठवलं. किती जणांनी ह्याच्या नावाने हळहळ केली असेल, नाव माहीत नसताना. तिच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते सवयीनेच पडलं.

"अहो, आपल्यात दरी पडली होती तेव्हा..."

"दरी म्हणू नकोस." तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. वरती ताटांचा आवाज बंद झाला. "पडली म्हणजे? कुठून पडली? वरून? तू सांगितलंस. तिथे खुर्चीत बसून, आपल्या तोंडाने, परक्या माणसांना, वर्षानुवर्षं. दरी नाही ही. हे तू केलंस."

अशी वाक्यं तिने हजारदा ऐकली होती. हिने केलं, ह्याने केलं. ती ऐकू आली की हात वर करायचा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. आत्ताही तिचा हात मांडीवरून उचलला गेला, अर्ध्यावर आला आणि तिने तो खाली घेतला. "इथे कोणी काही केलेलं नाही" हे वाक्य किती जणांच्या तोंडावर तिने झाकणासारखं बसवलं होतं, ते तिला आता कळत होतं, कारण झाकण कोणी तिच्यासाठी आणून देत नव्हतं.

"उद्या मी ताईकडे जातो," तो म्हणाला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. "कारखाना तिथून जवळ पडतो."

"किती दिवस?"

"बघू."

ह्या 'बघू'चा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. 'बघू' म्हणून गेलेली माणसं तिच्या खोलीचा जिना पुन्हा चढत नसत.

"मी चुकले," ती म्हणाली. "नाव घेतलं नाही, म्हणून मला वाटलं..."

"सांग मला."

"काय?"

"ती गोष्ट. तिकडे सांगतेस तशी. मला चहाबरोबर ऐकायला मिळाली, धड नाही ऐकली."

ती नको म्हणाली. तो तिच्याकडे बघत बसला. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला लाज वाटली, कारण सुरुवातीलाच तो खाली उतरला होता, तिकडे उतरायचा तसा. त्याने डबा घेतला आणि कामावर गेला, एवढं कसंबसं ती बोलली.

"गेलो," तो म्हणाला. "तुझी आई दवाखान्यात तुझ्याजवळ होती. घरी कोण होतं? भिंती. चाकावर बसलं की पाणी तोंडावर उडतं, सगळ्यांचेच डोळे लाल असतात. तिथे कोणी विचारत नाही. संध्याकाळपर्यंत मी एक काच धड घासली नाही. साहेबांनी त्या सगळ्या गुपचूप टाकून दिल्या. पुढे."

"पाळणा..."

"पाळणा तुझ्या आईने द्यायला लावला. पोरगी घरात पाऊल टाकेल तेव्हा तिच्या नजरेला पडता कामा नये, म्हणाली. शाल तरी ठेवा म्हणत होतो मी. तिने ऐकलं नाही. पुढे."

आई जाऊन किती वर्षं झाली होती. तिने यातलं एक अक्षर कधी काढलं नव्हतं. आणि बाईनेही कधी विचारलं नव्हतं. जगाला बोलतं करणारी बाई, आणि घरात तिने मूग गिळून बसलेल्या माणसाला समंजस म्हणून सोडून दिलं होतं. तिला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आत्ता आपला नाही असं वाटून ती गिळत राहिली.

"पुढे," तो म्हणाला.

"मग एका संध्याकाळी तिने त्याच्या हातावर हात ठेवला. आणि तो..."

"कधी?"

ती बघतच राहिली.

"कधी ठेवलास हात?" त्याचा आवाज आता मऊ होता आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. "कुठल्या घरात होतो आपण? मी कुठे बसलो होतो? मला आठवत नाही, म्हणून विचारतोय. खरंच आठवत नाही."

तिने आठवायचा प्रयत्न केला. संध्याकाळ तिला स्पष्ट दिसत होती. खिडकी, खाली घातलेली मान, तिचा हात. पण खिडकी कुठली ते येईना. जुन्या घराची म्हणावी तर त्या घरात तशी खिडकी नव्हती. ती आपल्या ऑफिसच्या खोलीची होती. पार्किंगवर उघडणारी. ती संध्याकाळ तिने तिथे बसून बनवली होती, एकदा, कुणातरी रडणाऱ्या बाईला घरी रिकाम्या हाताने पाठवायला नको म्हणून, आणि पुढे इतक्यांदा सांगितली की ती घडून गेली.

"नाही ठेवला," ती म्हणाली. "मी जोडलं ते. मी कधीच नाही ठेवला."

त्याने मान हलवली. त्याला ते माहीतच होतं. वरून लेकीने "आई?" अशी हाक मारली, "येते गं," एवढं बाईने कसंबसं ओरडून सांगितलं.

"एक राहिलं," तो म्हणाला. "वळूनही बघितलं नाही म्हणतेस."

"तुम्ही कधी बोलला नाहीत त्याच्याबद्दल. मला वाटलं तुम्ही..."

"माझ्या हातात होता तो."

जिन्यात एकदम फार उजेड झाल्यासारखं तिला वाटलं. तिने कठड्याचा गज धरला.

"नर्सने आणून दिला. म्हणाली, फार वेळ नाही, घेऊन बसा. बाकावर बसलो होतो, तुझ्या खोलीच्या बाहेर. दार लोटलेलं होतं, तू आत काहीबाही बडबडत होतीस तापात. मला वाटलं तुला दाखवावा. डॉक्टर नको म्हणाले. तो जाईपर्यंत माझ्या हातातच होता. नंतरही होता. मग त्यांनी घेतला."

तो हे सगळं समोरच्या भिंतीकडे बघत बोलला. आवाज कुठेच फाटला नाही. बाई ऐकत होती आणि तिला एवढंच कळत होतं की तिच्या मुलाचा चेहरा पाहिलेलं, अजून हयात असलेलं माणूस जगात हे एकच आहे; आणि त्याला तिने भर सभेत दगड ठरवलं होतं. ज्याच्याकडे तो चेहरा होता त्याच्याशेजारी ती आयुष्यभर झोपली होती, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं, कसा होता हो आपला मुलगा. कारण तिने ठरवून टाकलं होतं की ह्याला काय माहीत असणार.

"हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हटलं. पण त्याने खुर्ची हलवली नाही. हलवेल असं तिला वाटलंही नाही.

खाली गेट कुणीतरी उघडलं, बंद केलं. तिला हजार गोष्टी विचारायच्या होत्या आणि त्यातली एकही विचारायला तोंड नव्हतं. शेवटी तिने विचारलं ते फार हळू, त्याला ऐकू गेलं नसतं तरी चाललं असतं अशा आवाजात.

"केस होते का त्याला?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. सांगावं की नको, हे तो तोलत होता, आणि ती ते उघड्या डोळ्यांनी बघत होती.

"होते," तो म्हणाला. "काळे. पुष्कळ. इथपर्यंत आले होते." त्याने बोट आपल्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर टेकवलं.

"बाकीचं नाही सांगणार," तो उठत म्हणाला. "बाकीचं माझं आहे."

त्याने खुर्ची उचलली, तिच्या खांद्याला लागू नये म्हणून जरा तिरकी धरली आणि तिला ओलांडून वर गेला. आत तो लेकीला प्रवासाची बॅग कुठल्या कपाटावर ठेवलीय ते विचारत होता. लेकीने "कशाला?" विचारलं, त्याचं उत्तर बाईला ऐकू आलं नाही. ती पायरीवरच बसून होती. तिचं बोट तिच्या कपाळावर होतं, भुवयांच्या जरा वर, आणि ते तिथून काढायची तिला भीती वाटत होती.